कॉम्प्युटर असा का वागतो? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक रोड, सिडको, पंचवटी, ओझर, सिन्नर, पिंपळगाव इथून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न या पानावर एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या शेवटी एक वाक्य असतं: "माझंच काही चुकलं का?" बहुतेक वेळा चुकलेलं नसतं. यंत्र ठरलेल्या नियमानं चालतं, पण तो नियम पडद्यावर कुठेच लिहिलेला नसतो. म्हणून इथे आधी कारण दिलं आहे आणि मग उपाय. कारण कळलं की 'फॉरमॅट मारून टाका' हा सल्ला ऐकण्याची वेळ सहसा येत नाही. पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत.

१. कॉम्प्युटर बंद करून चालू केला तरी तोच गोंधळ. मग सगळे 'रीस्टार्ट करा' असं का सांगतात?

कारण 'शट डाउन' आणि 'रीस्टार्ट' ही दोन वेगळी कामं आहेत. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. ते चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. काल अडकलेला प्रिंटरचा ड्रायव्हर आज अडकलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं सुरू होतं.

खात्री करायची तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग सीपीयू, आणि खाली 'अपटाइम' बघा. रोज रात्री नेमानं बंद होणारा कॉम्प्युटरही तिथे दहा-बारा दिवस चालू असल्याचं दाखवू शकतो. शिफ्ट धरून शट डाउन केलं तर तो खरोखर बंद होतो. लॅपटॉपचं झाकण मिटणं ही तर नुसती झोप, ती यात धरूच नका.

२. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, तरी 'चुकीचा' म्हणतो. का?

तीन गोष्टी या क्रमानं बघा. कॅप्स लॉक. मग कीबोर्डची भाषा: घड्याळाजवळ 'मराठी' दिसत असेल तर विंडोज बटण आणि स्पेस दाबून इंग्रजी करा. ठिपक्यांमागे काय टाइप होतंय ते दिसत नाही, म्हणून हे ध्यानात येत नाही. चौकटीत डोळ्याचं चिन्ह असेल तर ते दाबून अक्षरं बघून घ्या. तिसरी गोष्ट म्हणजे आकड्यांच्या बाजूचा नम लॉक.

मोबाइलवर आणखी एक अडचण येते. काही मराठी कीबोर्ड आकडेही देवनागरी उमटवतात. वाचणाऱ्याला दोन्ही आकडे सारखेच, पण यंत्रासाठी देवनागरी '५' आणि इंग्रजी पाच ही वेगळी चिन्हं आहेत. ओटीपी, पिनकोड, मोबाइल नंबर 'अवैध' ठरण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. पाचव्यांदा चुकून खातं लॉक होण्याआधी हे तपासा.

३. ओटीपी येतच नाही, आणि आला की चालत नाही. असं कसं?

'पुन्हा पाठवा' दाबलं की बहुतेक ठिकाणी आधीचा ओटीपी रद्द होतो. पहिला मेसेज उशिरा पोचतो, आपण तो घाईनं टाकतो, आणि तोवर तो बाद झालेला असतो. मग पुन्हा तेच चक्र. म्हणून एकदाच दाबा, वेळ संपेपर्यंत थांबा, आणि अनेक मेसेज आले असतील तर सगळ्यात शेवटी मागवलेला वापरा.

मेसेज ॲपमधला 'स्पॅम' कप्पा उघडून बघा. दोन सिम असतील तर खात्याला जोडलेला नंबर कोणता, हे आधी ठरवा. डीएनडी (जाहिरातींचे कॉल-मेसेज रोखणारी सेवा) लावल्यामुळे ओटीपी थांबत नाही, तो काढून टाकायची गरज नाही. आकडे देवनागरी उमटत असतील तर प्रश्न २ पाहा.

४. रामकुंडावर गर्दीच्या दिवशी रेंज फुल दाखवते, पण साधा मेसेजही जात नाही. फोन बिघडला का?

फोन ठीक आहे. त्या उभ्या काड्या टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतो एवढंच सांगतात. टॉवरची क्षमता किती जणांत वाटली जाते आहे, हे त्यांतून कळत नाही. पर्वणीला हजारो फोन एकाच टॉवरवर येतात, तेव्हा काड्या पूर्ण आणि नेट ठप्प, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, त्यामुळे हे उत्तर जपून ठेवण्यासारखं आहे.

तिकिटं, नकाशा, राहण्याचा पत्ता आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. भेटायची जागा आणि वेळ घरीच ठरवा. थोडी रोख रक्कम जवळ असू द्या. यूपीआयचे पैसे खात्यातून गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यक्तीला पाठवलेली अडकलेली रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराला दिलेली पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेनं द्यायची असते.

५. अर्जात फोटो '२० ते ५० केबी' मागतात. माझा एकतर ४ एमबी असतो नाहीतर ९ केबी. मधला कसा आणायचा?

आयबीपीएसच्या बँक परीक्षांचं उदाहरण घेऊ. फोटो २०० गुणिले २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० गुणिले ६० पिक्सेल, १० ते २० केबी. फोटो 'पेंट'मध्ये उघडा. आधी 'क्रॉप' करून चेहरा आणि खांदे एवढाच उभा भाग ठेवा, मगच 'रिसाइझ' आणि 'पिक्सेल्स' निवडून आकडे टाका. आधी रिसाइझ केलं तर चेहरा चपटा होतो. शेवटी 'सेव्ह ॲज' मधून जेपीईजी निवडा.

फाइल २० केबीच्या खाली गेली तर त्याच प्रमाणात पिक्सेल वाढवा, उदाहरणार्थ २४० गुणिले २७६. हे मूळ मोठ्या फोटोवरून करा. लहान केलेला फोटो ताणला तर तो धुरकट होतो आणि छाननीत अडकतो.

एवढं करूनही 'चुकीचा प्रकार' असा संदेश आला तर तिथे बहुधा नाव बदललेलं असतं. पीएनजी फाइलच्या नावाच्या शेवटी जेपीजी लिहिलं म्हणून आतला मजकूर बदलत नाही. आयफोनचे फोटो एचईआयसी प्रकारचे असतात, तेही आधी बदलून घ्यावे लागतात. आणि व्हॉट्सॲपवरून मागवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, नाहीतर वाटेतच तो दाबला जातो.

६. १ टीबीची हार्ड डिस्क घेतली, कॉम्प्युटर ९३१ जीबी दाखवतो. दुकानदारानं फसवलं का?

नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. १ टीबीचे ९३१ आणि ५०० जीबीचे ४६५ दिसणं बरोबर आहे. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह मात्र ७ जीबी दाखवत असेल तर बिल घेऊन परत जा.

७. प्रिंटर चालू आहे, वायर लावलेली आहे, तरी 'ऑफलाइन' का?

यूएसबीची वायर काढून शेजारच्या खाचेत लावली की विंडोज कधी कधी त्याच प्रिंटरला नवा समजतो आणि नावापुढे 'कॉपी १' लिहितो. तुम्ही जुन्याच नावावर प्रिंट पाठवत राहता, आणि तो खरोखरच जोडलेला नसतो. 'कॉपी १'ला डीफॉल्ट करा किंवा वायर मूळ खाचेत लावा.

रांगेत अडकलेलं पान 'कॅन्सल' करूनही जात नसेल तर 'सर्व्हिसेस' उघडून 'प्रिंट स्पूलर' थांबवा. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम ३२, स्पूल, प्रिंटर्स या क्रमानं जा. त्या शेवटच्या फोल्डरमधल्या फाइली काढा, फोल्डर मात्र ठेवा. मग स्पूलर पुन्हा सुरू करा.

आषाढ-श्रावणात, विशेषतः त्र्यंबक आणि इगतपुरीकडे, तक्रार वेगळी असते: एकदम तीन-चार कागद ओढले जातात. तो दोष दमट कागदाचा. रीम फोडली की उरलेले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा आणि रात्रभर ट्रेमध्ये ठेवू नका. रोलर बदलण्याचा खर्च करण्याआधी कोरड्या रीमवर एकदा प्रिंट काढून बघा.

८. पडदाभर लाल सूचना आली, 'व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा'. आता?

फोन करू नका. ती वेबसाइटनं दाखवलेली जाहिरात आहे, तुमच्या कॉम्प्युटरची तपासणी कुणी केलेली नाही. खरं अँटीव्हायरस फोन नंबर देऊन घाबरवत नाही. एस्केप दाबून धरा. नाहीच गेली तर टास्क मॅनेजरमधून (उघडायची रीत प्रश्न १ मध्ये) ब्राउझर बंद करा, आणि पुन्हा उघडताना 'रिस्टोर' म्हणू नका.

फोन केला असेल आणि त्यांच्या सांगण्यावरून एखादं ॲप घेतलं असेल, तर आधी इंटरनेट तोडा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. इथे उशीर महागात पडतो, लाजेपायी थांबू नका.

९. विंडोज १० बंद झालं म्हणतात. नवा कॉम्प्युटर घ्यावाच लागेल?

१४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा पाठिंबा संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय), किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो.

'टीपीएम नाही' एवढ्याच कारणावरून चांगला कॉम्प्युटर भंगारात देऊ नका. अनेक मदरबोर्डांवर ते असतं, पण बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेलं असतं. इंटेलमध्ये 'पीटीटी' आणि एएमडीमध्ये 'एफटीपीएम' या नावानं शोधा, चालू करा आणि पुन्हा तपासा.

१०. मराठी पत्राची फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. व्हायरस आहे का?

नाही, आणि तुमचा मजकूरही सुरक्षित आहे. कृतिदेव, श्रीलिपी, सुरेख असे जुने फॉन्ट मराठी अक्षरं साठवतच नाहीत. ते इंग्रजी अक्षरं साठवतात आणि त्यांना मराठी चेहरा चढवतात. कृतिदेवमध्ये 'राम' लिहिला की फाइलमध्ये जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरं जातात. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर चेहरा उतरतो आणि खालची अक्षरं उघडी पडतात. लग्नपत्रिका, वकिलांचे मसुदे, संस्थांची जुनी इतिवृत्तं यांत हे सर्रास घडतं.

वर्डमध्ये त्या मजकुरावर क्लिक करा आणि वर फॉन्टच्या चौकटीत नाव वाचा. फॉन्ट तुमच्याकडे नसला तरी मूळ नाव तिथे राहतं, आणि कुठला फॉन्ट मागायचा ते त्यावरून कळतं. नाव महत्त्वाचं आहे, कारण प्रत्येक कंपनीची अक्षरांची वाटणी वेगळी. श्रीलिपीच्या मजकुराला कृतिदेव लावलात तर कचरा तसाच राहील, फक्त मराठी अक्षरांत दिसेल.

मोबाइलवर हा उपाय चालत नाही. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागा, कारण त्यात फॉन्ट सोबत बांधता येतो. नवीन काहीही लिहिताना मात्र युनिकोडच (मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणारी पद्धत) वापरा, ही कळकळीची विनंती. आज कृतिदेवमध्ये टाइप केलेलं पत्र पाच वर्षांनी शोधताना 'राम' टाकून सापडणार नाही.

११. जुन्या फॉन्टमधला मजकूर कन्व्हर्टरनं युनिकोड केला, तरी चुका राहतात. कुठे बघायचं?

जुने फॉन्ट टाइपरायटरच्या क्रमानं चालतात: 'कि' लिहिताना आधी वेलांटी आणि मग क, रफार मात्र अक्षर लिहून झाल्यावर. युनिकोड उच्चाराच्या क्रमानं चालतं. कन्व्हर्टरला प्रत्येक ठिकाणी ही अदलाबदल करावी लागते आणि जोडाक्षराशी तो अडखळतो. म्हणून पहिली वेलांटी असलेली जोडाक्षरं (स्थिती, व्यक्तिगत), रफार (कार्य, धर्म), आणि कंस व अवतरणचिन्हं एवढं डोळ्यांनी तपासाच. मजकुरात मधेच खरं इंग्रजी असेल, जसं ईमेलचा पत्ता, तर त्याचंही अगम्य मराठी होतं. तेवढा भाग आधी बाजूला काढा. आणि मूळ फाइल कधीही पुसू नका.

१२. युनिकोड मराठी फोटोशॉपमध्ये फुटतं, वेलांट्या आणि जोडाक्षरं सुटी पडतात. पेजमेकरमध्ये तर काहीच येत नाही.

फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेस, मग 'टाइप', आणि तिथे 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा. काही आवृत्त्यांत हेच 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' नावानं असतं. नंतर पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' चालू करा. आधी लिहिलेल्या मजकुराला तो निवडून पुन्हा लावावा लागतो. पेजमेकरला युनिकोड कळतच नाही, तिथे उपाय शोधण्यात वेळ घालवू नका.

१३. पतसंस्थेचे मराठी एसएमएस पाठवले, बिल दुप्पट आलं. मराठीला दर जास्त आहे का?

दर तोच असतो, मावणारी अक्षरं कमी असतात. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० चिन्हं मावतात, मराठीत ७०. लांब मेसेज तुकड्यांत गेला तर प्रत्येक तुकड्यात अनुक्रमे १५३ आणि ६७. काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलंत हे प्रत्येकी एक चिन्ह धरलं जातं: 'नाशिक' म्हणजे ५, 'त्र्यंबकेश्वर' म्हणजे १३. इंग्रजी मेसेजमध्ये एकच मराठी अक्षर किंवा वर्डमधून आलेलं वळणदार अवतरणचिन्ह शिरलं, तरी पूर्ण मेसेजला ७० ची मर्यादा लागते.

१४. एक्सेलमध्ये ७/१२ लिहिलं की '७ डिसेंबर' होतं. गट नंबरांची पार वाट लागली. थांबवायचं कसं?

एक्सेलला तिरकी रेघ दिसली की ती तारीख वाटते. भारतीय सेटिंगवर ७ डिसेंबर, अमेरिकन सेटिंगवर १२ जुलै. गट नंबर १०/२ चा १० फेब्रुवारी होतो, १४५/२ तसाच राहतो, कारण १४५ तारीख असूच शकत नाही. त्यामुळे यादीत काही नंबर बरोबर, काही बदललेले असतात आणि चूक उशिरा सापडते.

आतमध्ये एक्सेल तारीख म्हणून १ जानेवारी १९०० पासूनचा क्रमांक साठवतं. म्हणून चूक दिसल्यावर तो कप्पा 'टेक्स्ट' केलात तर ७/१२ परत येत नाही. २०२५ साली लिहिलेल्या सातबाऱ्याच्या जागी ४५९९८ येतो. मूळ आकडा गेलेला असतो, तो कागद बघून पुन्हा भरावा लागतो.

उपाय लिहिण्याआधीच करायचा. पूर्ण स्तंभ निवडा, होम टॅबमधल्या 'जनरल'च्या जागी 'टेक्स्ट' करा आणि मग भरा. एखादाच आकडा असेल तर आधी एकेरी अवतरणचिन्ह टाका, ते छापलं जात नाही. २०२३ मध्ये एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये 'डेटा'खाली आपोआप बदल थांबवण्याची सोय आली, पण ती पुढचं शून्य, लांब आकडे, आणि अक्षर-आकडा सलग लिहिल्यावर होणारी तारीख यांसाठी आहे. तिरक्या रेघेला ती वाचवत नाही.

हा त्रास फक्त आपल्याला नाही. मार्च आणि सप्टेंबरसारखी दिसणारी जनुकांची नावं एक्सेल तारखांत बदलायचं, म्हणून २०२० मध्ये शास्त्रज्ञांच्या नामकरण समितीनं जनुकांचीच नावं बदलली.

१५. आधार नंबर एक्सेलमध्ये 'ई+११' असा दिसतो, ०२५३ चं शून्य जातं, आणि पोर्टलवरून उतरवलेली मराठी यादी चिन्हांनी भरते. तिन्हींचा उपाय एकच का?

पहिल्या दोन्हींचा एकच, प्रश्न १४ मधला टेक्स्टचा. १२ अंकी आधार फक्त वेगळा दाखवला जातो, आतला आकडा शाबूत असतो. १६ अंकी कार्ड किंवा खाते क्रमांक मात्र खरोखर बिघडतो: एक्सेल १५ अंकच जपतं आणि सोळाव्याचं शून्य करतं.

यादीचं कारण वेगळं. ती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कप्पे पाडलेली साधी मजकूर) फाइल यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या रीतीत असते, त्यात प्रत्येक मराठी अक्षर तीन बाइटचं. डबल क्लिक केलं की एक्सेल बऱ्याचदा त्या तीन बाइटची तीन वेगळी पाश्चात्त्य चिन्हं वाचतं. रिकामी शीट उघडा, 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१ यूटीएफ-८ निवडा. परत साठवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार घ्या. साध्या सीएसव्हीत साठवलं तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि ती परत अक्षरं होत नाहीत.

१६. डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर प्रश्नचिन्ह आणि 'व्हॅलिडिटी अननोन' दिसतं. बँकेत चालेल का?

सही खोटी आहे, असा त्याचा अर्थ नाही. सही देणाऱ्या भारतीय प्रमाणपत्राला तुमचं ॲक्रोबॅट रीडर अजून ओळखत नाही, एवढाच अर्थ आहे. पीडीएफ कॉम्प्युटरवर रीडरमध्येच उघडा, ब्राउझरमध्ये नको. सहीवर क्लिक करा, 'सिग्नेचर प्रॉपर्टीज', मग 'शो सायनर्स सर्टिफिकेट'. 'ट्रस्ट' टॅबमध्ये 'ॲड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स' दाबा आणि शेवटी 'व्हॅलिडेट सिग्नेचर'. हिरवी खूण येते. हे महाभूमीच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवलेल्या फाइलवरच करा. कुणी पाठवलेल्या फाइलवर आधी विश्वास ठेवून खूण आणली तर त्या खुणेला काही किंमत राहत नाही.

डिजिटल सही फाइलमध्ये असते, कागदावर नाही. बँकेला शक्यतो मूळ पीडीएफ पाठवा. तीच फाइल 'प्रिंट टू पीडीएफ' केली किंवा स्कॅन करून जोडली तर सही निघून जाते, मग पान हुबेहूब दिसलं तरी.

१७. यादीत 'कुऱ्हाडे' समोर दिसतंय, पण शोधलं तर सापडत नाही. 'ॲड.' चंही तसंच. हे काय आहे?

दिसायला एक, लिहायच्या रीती दोन. 'ऱ्ह' युनिकोडमध्ये ऱ, हलंत, ह असा लिहिता येतो, किंवा र, हलंत, एक अदृश्य जोडचिन्ह, ह असाही. 'ॲ' हे २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलेलं स्वतंत्र अक्षर आहे, पण बरेच जण अ वर चंद्र देऊन तेच उमटवतात. साधा शोध चिन्हं जुळवतो, चेहरा बघत नाही, त्यामुळे एका रीतीनं लिहिलेलं दुसऱ्या रीतीनं सापडत नाही.

लगेच काम भागवायचं तर यादीत दिसणारा शब्द कॉपी करून शोधाच्या चौकटीत टाका, किंवा 'हाडे' एवढाच तुकडा शोधा. संस्थेची यादी कायमची नीट करायची असेल तर 'फाइंड अँड रिप्लेस'नं दुसरी रीत पहिलीत बदलून घ्या आणि भरणाऱ्या सगळ्यांना एकच कीबोर्ड द्या. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी जे दाबला की ऱ येतो, मग हलंतासाठी डी, मग ह किंवा य. बदल करण्याआधी यादीची प्रत काढून ठेवा, आणि जुन्या फॉन्टमधून आलेली यादी असेल तर आधी प्रश्न ११ मधली तपासणी पूर्ण करा.